वाघिणीला न दिलेलं पाणी

ही गोष्ट घडलेली आहे. ज्याला थाप वाटते त्याने वैशाखात आमच्या गावी यावं, आष्टीच्या पल्याड, जंगलाला लागून. माझ्या थोरल्या काकांच्या घरात भर दुपारी एकट्याने बसून दाखवावं. मग मला शहाणपण शिकवावं.

साल १९७४. वैशाखातली दुपार. हो, दुपारच. भुताला रात्र लागते असं तेच म्हणतात, ज्यांनी आमच्याकडचा उन्हाळा पाहिला नाही.

नत्थूजी माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, माझे मोठे बाबा. त्यांचा धंदा सांगायला घरातले लाजतात. मी लाजत नाही. ते कातड्याच्या व्यापाऱ्यासाठी जंगल धुंडाळायचे. बंदूक कधी हातात धरली नाही. कुठला नाला कुठे उतरतो, जनावर कुठून येतं, उन्हाळ्यात पाणी कुठे टिकतं, हे पायी फिरून शोधायचं आणि नकाशा काढायचा. सरकारी नकाशात तिथे नुसता हिरवा रंग. नत्थूजींच्या नकाशात एकेक डोह. कागद घामाने विरतो, म्हणून बकरीच्या कमावलेल्या कातड्यावर, बिब्ब्याच्या रसाने. बिब्ब्याचा डाग जन्मात जात नाही.

व्यापारी ताराचंद. आष्टीच्या बाजारात दुकान. पुढे गूळ-मीठ, मागच्या खोलीत कातडी. शिकारबंदीचा कायदा झाला आणि कातड्याचा भाव चढला. कायदा त्याला एवढाच कळला.

पण या पापाच्या धंद्यालाही एक रीत होती. जनावर पडलं की सोलण्याआधी त्याच्या तोंडात ओंजळभर पाणी घालायचं. जाणाऱ्या माणसाला घालतो तसंच. अंगावरचं काढून घेतोच आहोत, निदान तहानलेलं पाठवू नये.

त्या वैशाखात ताराचंद म्हणाला, “नत्थू, गोळीचं भोक नको. परदेशातली मॅडम भोकवाला कोट घालते का?”

नत्थूजींनी नकाशावर एका डोहावर बोट ठेवलं. ताराचंदच्या माणसांनी त्या डोहात कपाशीवर फवारायचं औषध ओतलं.

सकाळी वाघीण तिथेच पडलेली. तोंड पाण्यात. जीभ बाहेर.

सोलणारे थांबले. नत्थूजींकडे पाहू लागले. जवळच्या पखालीतलं पाणी रात्रीच्या उकाड्यात सगळ्यांनी पिऊन टाकलं होतं. आणि डोहात तर विष.

“पानी कोठून आनू आता? राहू द्या,” नत्थूजी म्हणाले. “मेलेल्याले का समजते!”

सोललं. उघडं लाल धूड तिथेच टाकलं. गेले.

थोड्या दिवसांनी ताराचंदला पुढचं जनावर हवं झालं. नत्थूजी नकाशा घेऊन एकटेच निघाले, या खेपेला जंगलाच्या पल्याडच्या टोकाकडून घराच्या दिशेने.

पहिला डोह आला...

कोरडा.

उन्हाने आटला म्हणावा, तर चिखल ओला. चिखलात मासे अजून तडफडत होते. म्हणजे पाणी आत्ताच गेलेलं. आणि मासे तडफडत असताना वर एक बगळा नाही. पाखरू नाही. माशीसुद्धा नाही.

दुसरा डोह. तोही कोरडा. दगडांवरची ओल त्यांच्या डोळ्यांदेखत वाळत होती.

वाटेत एक झरा लागला. गुराख्यांचा झरा, म्हणून नत्थूजींनी तो कधी नकाशात घेतला नव्हता. तो काठोकाठ भरलेला!



ज्या पाण्यावर त्यांनी खूण केली होती, तेच पाणी संपत होतं.

त्यांनी घाईने कातडं उलगडलं. डोहामागून डोह, एकाच वाटेवर. ती वाट जात कुठे होती? नत्थूजी प्रत्येक वाट आपल्या घरच्या विहिरीपासून मोजायचे. नकाशावरचा पहिला ठिपका तीच विहीर. आणि घरी त्यांची बायको, देवकाबाई, एकटी.

ते धावत सुटले.

पुढून आवाज येत होता...

लप... लप... लप...

मांजर दूध पितं तसा. फक्त फार मोठा. ते डोहाशी पोचायचे, की आवाज बंद. तळ ओला. पुढच्या वळणापलीकडे पुन्हा... लप... लप...

काट्यांनी धोतर फाटलं, वहाणा गेल्या. घराच्या अंगणात पोचले तेव्हा देवकाबाई विहिरीवर उभ्या होत्या. जिवंत! हातात दोर, तळहात सोललेले. बादली खाली दगडावर खणखणत होती. विहिरीत थेंब नव्हता.

“अजी, थांबा. घरात नोका जाऊ.”

“तू बरी हायेस ना वं?”

“मले का धाड भरली! पावनी आली हाये. तुमाले हुडकत.”

“कोन पावनी?”

“मले का मालूम? दुरून वाटलं, लाल लुगडं हाये. ओलंचिंब, अंगाले चिपकून. म्हनलं, उनाची आली बिचारी. पानी मांगतलं, देलं. अजून मांगतलं. विहीर सरली तरी मांगूनच राह्यली. पान्याले नाई कसं म्हनू?” त्यांचा आवाज खाली गेला. “जवळून पाह्यलं तं... लुगडं नोतं, अजी.”

नत्थूजींनी नकाशाचं कातडं पाठीमागे लपवलं.

“मंग तिनं इचारलं, माह्यं पांघरून कोठी हाये? मी म्हनलं, मालकाले मालूम. ते आनून देतीन.”

“असं काऊन बोलली तू!”

“मंग का बोलू? उघडी हाये ते! तुमी काढलं, तुमीच आना!”

“कोठी हाये ती?”

देवकाबाईंनी हनुवटीने घराकडे दाखवलं.

माजघराचं दार अर्धं उघडं होतं. आतून...

लप.

नत्थूजी आत गेले नाहीत. तसेच अनवाणी आष्टीला गेले. ताराचंद पोट धरून हसला.

“अरे, तो माल तं जहाजात चढला. जा, समुद्रात उडी मार!”

नत्थूजी गेले ते गेलेच. कोणी म्हणे मुंबईच्या गोदीत दिसले, कोणी म्हणे कलकत्त्याला, कातड्यांची गाठोडी उचकली म्हणून पोलिसांचा मार खाताना. साऱ्या जंगलाची वाट ज्याला पाठ, तो माणूस घरी परतला नाही. ताराचंद पुढे पुढारी झाला आणि मऊ गादीवर सुखाने मेला. भूतसुद्धा गरिबाच्याच दारात येतं, हे लिहून ठेवा.

१९८६च्या वैशाखात मी त्या घरी गेलो. विहीर कोरडीच. शेजारची भरलेली. देवकाबाई म्हाताऱ्या झालेल्या, पण रोज शेजारून पाणी शेंदून माजघरात भरत होत्या.

“मोठी माय, हे घर सोडत काऊन नाईस?”

“मी शबद देला ना, बापू. आन् मी गेली तं ती पान्यासाठी गावभर फिरन.”

त्यांनी माजघरातून तांब्या आणून माझ्या हातात दिला. दोन हातांनी, जड असल्यासारखा. मी तोंडाला लावला...

रिकामा. आणि काठ गरम.

“अगदी तुह्या मोठ्या बाबासारखं नाक हाये तुह्यं,” देवकाबाई माझ्याकडे बघत सहज म्हणाल्या.

तेव्हा माजघराच्या दाराआडून कोणीतरी विचारलं...

“आनलं का?”

देवकाबाई माझ्यासमोर बसल्या होत्या. त्यांचे ओठ मिटलेले होते.

मी उठलो. चपला तिथेच राहिल्या. त्या घरी पुन्हा गेलो नाही.

आता मी वर्ध्याला, नालवाडीत राहतो. वैशाख लागला की सकाळी एक बादली भरून दाराबाहेर ठेवतो. बायको विचारते कशाला. मी सांगत नाही.

दुपारी ती बादली बघायला जायची माझी छाती होत नाही.