हवालदाराची ओली पावलं

लाईट येईल की, एवढी काय घाई हाय? बसा. तो दिवा तेवढा खाली ठेवा, फरशीवर उजेड पडू द्या. हां, असा. हसू नका, मला सवयच लागलीय. बोलता बोलता मी सारखी खाली बघत असते, तुमच्या ध्यानात आलं असंलच.

सांगते. मी आपली वास घालवायला गेले हुते, दुसरं काय न्हाई.

शिक्रापूरला माझा धाकटा भाऊ राहतो, संपत. रांजणगावच्या कंपनीत कामाला हाय. त्याच्या बायकोचा, प्रतिभाचा, फोन आला. "वन्सं, येता का जरा? रविवारी मोनिकाला बघायला पाहुणे येणारेत, आणि आत्यांच्या खोलीचं दार उघडलं की कुत्र्याच्या मुताचा भपकारा. कुत्रं जाऊन महिना झाला तरी वास काही जात नाही. मला तर आता रडूच येतंय." आत्या म्हंजी तिची सासू, माझी आई. म्हटलं, येते. इथं दौंडात दवाखान्यात आयाचं काम करते मी, जन्म गेला लोकांच्या चादरी धुण्यात. एका कुत्र्याचं काय घेऊन बसलीस!

कुत्रं म्हंजी आमच्या आण्णांचं, वडलांचं. मेंढरं कवाच विकली, पण ते तेवढं राहिलं. रातभर मेंढरांभवती गस्त घालायचं म्हणून आण्णांनी त्याचं नाव हवालदार ठेवलं हुतं. पुढच्या उजव्या पायाचं एक बोट लांडग्यानं नेलेलं, तरी ऐट काय कमी न्हाई मेल्याची. आण्णा गेले तसं संपतनं आईला कवठ्याहून आपल्याकडं आणलं. सामान भरलं, आई बसली, आन् तिच्या मागनं हवालदार टेंपोत आपला आपण चढला. तिच्या खाटंखाली आण्णांच्या घोंगडीवर निजायचा.

मग वास सुरू झाला. खाटंखाली थारोळं, गादीला डाग, आन् सकाळी बघावं तर हवालदार पोटाखाली चिंब. खोटं कशाला बोलू, प्रतिभानं लई सोसलं. शेवटी संपतनं त्याला टेंपोत घातला आन् कवठ्याला जुन्या रानात सोडून आला. गावचं कुत्रं गावात जगंल, म्हणाला. पुढं हवालदार हायवेला गावला, ट्रकखाली. एवढी वाट तुडवत आला, आन् संपतचं घर हाकंच्या अंतरावर राहिलं.

गेल्या गेल्या मी पदर खोचला. प्रतिभानं फिनेल वतून वतून खोलीचा पार दवाखाना केला हुता. म्हटलं, बाई गं, मुतावर फिनेल घातलं की एकाचे दोन वास हुतात. आधी गार पाणी, मग व्हिनेगर, मग खायचा सोडा पसरून ठेव, आन् गादीला ऊन दे. आईला बाहेर खुर्चीत बसवलं. एरवी मला बघितलं की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. त्या दिवशी नुसती पदराचं टोक पिळत बसली.

मी गादी उचलली आन् तशीच थांबले.

गादी ओली हुती. जुना डाग न्हाई, आजची ओल. आन् तो वास... कुत्र्याचा वास निराळा असतो हो. हा वास मी रोज धुते. खाली भिंतीकडंला आईचं लुगडं पिळून, गुंडाळून सारलेलं हुतं.

आईला आत घेतलं, दार लोटलं.

"आई, हे कवाधरनं?"

तिनं माझे दोन्ही हात धरले. "अंजे, कुणाला सांगू नको गं. झोपंत मला कळत न्हाई."

"आन् हवालदार?"

"खाली ओघळ आला की तो उठायचा, आन् त्या ओल्यात जाऊन बसायचा. नुकत्या जन्मलेल्या कोकराला पोटाशी घेऊन बसायचा न्हाई का, तसा. प्रतिभाला वाटलं त्यानंच केलं. मी गप बसले. टेंपोत घातला तवाबी गपच बसले. तो माझ्याकडं बघत हुता गं..." तिचा आवाज पार खाली गेला. "सांगितलं तर मलाबी टेंपोत घालतील."

मी भ्याले. पण आईसाठी न्हाई. लाज वाटते सांगायला, पण पहिला इचार काय आला सांगू? संपतनं तिला नको म्हटलं तर ती कुठं येणार? माझ्याकडंच की. ह्या दोन खोल्यांत. दिवसभर लोकांचं धुवायचं आन् घरी येऊन परत तेच धुवायचं. नको रे देवा, म्हटलं मनात.

बाहेर येऊन प्रतिभाला म्हटलं, "कुत्र्याचाच वास हाय गं. गादीत मुरलाय. नवी आणा." आईनं आतनं ऐकलं. मी परत गेले तवा तिनं माझ्या तोंडावरनं हात फिरवून बोटं मोडली. आपली लेक आपल्यासाठी खोटं बोलली असं वाटलं तिला.

दुपारी नवी गादी आली. खोली धुऊन, पुसून लख्ख केली, पंख्याखाली फरशी खडखडीत वाळली. आई आडवी झाली. खोलीच्या मागल्या, परड्याकडच्या दाराला कडी मीच घातली आन् चहा ठेवायला गेले. दूध उतू जाईस्तोवर मला वास आला. मुताचा न्हाई. भिजलेल्या लोकरीचा. घोंगडी पावसात भिजल्यावर येतो ना, तसला.

मी खोलीचं दार ढकललं.

खाटंखाली थारोळं हुतं. आन् त्या थारोळ्यातनं निघालेली पावलं... ओली, ताजी. एकामागं एक, सरळ दाराकडं. माझ्या पायापाशी येऊन संपलेली. मी खाली वाकले. पुढच्या उजव्या पायाला एक बोट कमी.

आई जागी हुती. भ्यालेली न्हाई, नुसती ओशाळलेली.

"आला हुता ना?" तिनं विचारलं. "दर वेळी येतो. माझ्याकडनं झालं की पावलं उमटवून जातो. घरच्यांना दिसावीत म्हणून... मीच पदरानं पुसत असते."

"आई, काय बोलतीस तू..."

"अजून माझं आपल्या अंगावर घेतोय गं तो."

मागं कधी प्रतिभा येऊन उभी राहिली, कळलं न्हाई. "वन्सं... ही पावलं कुणाची?"

आई माझ्याकडं बघत हुती. तवाबी बोलता आलं असतं मला. "गल्लीतलं कुत्रं शिरलं असंल," मी म्हटलं.

"पण दाराला तर कडी..."

"शिरलं असंल म्हटलं ना!" खेकसलेच मी तिच्यावर. फडकं घेऊन पुसायला बसले. फडकं नाकापाशी आलं तर त्याला मेंढराचा वास. न पिळताच ते बादलीत टाकलं मी.

संध्याकाळी संपत कंपनीच्या बसमधनं उतरून घरात आला, बूटबी काढले नव्हते, तर आई भिंत धरत धरत बाहेर आली.

"संपत, हवालदारानं काय केलं न्हाई. मी करते. पयल्यापासनं मीच. त्या मुक्या जिवानं किती दिस माझं वझं वाहायचं? आता काय करायचं ते माझं करा, पण त्याला जाऊ द्या."

प्रतिभा उठली. मला वाटलं, झालं, आता तोंड सुटणार हिचं. ती आईच्या पायाशी बसली. "अहो आत्या, एवढंच ना? आधी सांगायचं नाही का! माझ्या आजीलाही व्हायचं. डॉक्टरला दाखवू, पॅड आणू. एवढ्यासाठी तुम्ही..."

संपत भिंतीकडं तोंड करून उभा हुता. "टेंपोतनं उतरत नव्हता तो," म्हणाला. "मी लाथ घातली त्याला, आक्का." आन् पोरासारखा रडायला लागला.

बघा म्हंजी. कुणी आईला घालवणार नव्हतं. साध्या एका बोलण्याचं काम हुतं, आन् तेवढ्यासाठी त्या जनावराचा जीव गेला.

मला कुणी काय विचारलं न्हाई. आईच म्हणाली, "अंजीला आजच कळलं. पण माझी लाज राखली पोरीनं." प्रतिभा म्हणाली, "वन्सं, तुमचं मन मोठं आहे." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, लाजले.

रविवारी पाहुणे आले, पोहे खाऊन, घर छान हाय म्हणून गेले. वास गेला हुता. मी दौंडला परत आले.

मग एकदा तिन्हीसांजेला आईचा फोन. "अंजे, गोळ्यांनी लई गुण आला गं. आन् हवालदारबी येत न्हाई आता. मी सांगितलं ना खरं, मोकळा झाला वाटतं." मग म्हणाली, "तुझ्याकडं तर न्हाई ना आला? सहज आपलं विचारते."

"माझ्याकडं कशाला यील?" मी म्हटलं. "मी काय केलंय त्याचं?"

"तू काय करशील, माझी गुणाची लेक तू," ती म्हणाली.

फोन ठेवला आन् वास आला. भिजलेल्या लोकरीचा. दार बंद हुतं, फरशी मी नुकतीच पुसून वाळवलेली. उंबऱ्यापासनं पावलं निघाली हुती. उजव्या पायाला एक बोट कमी. शिक्रापूरला ती बाहेर जायची. इथं ती आत आलेली, पार माझ्या खाटंपर्यंत. खाटंखाली जाऊन संपलेली. परत जाणारं एकबी पाऊल न्हाई.

ह्या घरात कवा कुत्रं नव्हतं हो. व्हिनेगर झालं, सोडा झाला, शेजारच्या कुशाबाईंनी सांगितला तो धूपबी झाला. मला ठाऊक हाय, त्यानं जायचं न्हाई ते. उपाय एकच, आईला फोन लावायचा आन् सांगायचं, मी तुझ्यासाठी खोटं बोलले न्हाई, तू माझ्याकडं येऊ नये म्हणून बोलले. आईनं सांगितलं तवा तो गेला, माझ्याबी सांगण्यानं जाईल. रोज फोन हातात घेते. पण ती "अंजे" म्हणते, आन् माझ्या तोंडातनं निघतं, "जेवलीस का?"

तुम्हाला सांगितलं आज. वाटलं, दुसऱ्या कुणाला सांगून भागतंय का बघावं.

जरा पाय वर घेऊन बसा. न्हाई, भिऊ नका, दिव्यापाशी उमटलेल्या पावलांकडंबी बघू नका. तो तुमच्यासाठी आलेला न्हाई.