खाली पाहिल्यावर

केनवडच्या भागवतचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी सोयाबीन काढताना थ्रेशरमध्ये मनगटापासून तुटला. वडिलांनी, दौलतरावांनी, तो कापडात बांधून शेताच्या धुऱ्यावर, बांधाच्या मातीत पुरला. भागवत हळूहळू डाव्या हातानं लिहायला, जेवायला शिकला. दुपारी घटकाभर तो कॉम्प्युटरवर गेम खेळत बसे. ओसाड गावातून हिंडायचं, बंद घरं उघडायची. सगळं आपल्याच डोळ्यांनी पाहिल्यासारखं दिसे. मान खाली घातली की मात्र नुसती जमीन. ना पोट, ना पाय, ना हात. त्याला ते बरं वाटे. तिथं कोणालाच हात नसत.

सोमवारी त्यानं सहज खाली पाहिलं, तर अंग होतं. निळ्या चौकड्यांचा शर्ट, अनवाणी पाय. आणि दोन हात.

त्यानं बायकोला बोलावलं. वैभवी पदराला हात पुसत आली, पडद्याजवळ वाकली. उजव्या अंगठ्याखाली त्रिशूळ गोंदलेला होता. त्याचं एक टोक पुसट.

"हा तं तुमचा हात हाय," ती म्हणाली. "अन् शर्ट त्या दिवशीचा."

"कंपनीनं नवीन काही टाकलं असंल."

"तुमचं गोंदण त्याईले कसं मालूम?"

भागवतनं कॉम्प्युटर बंद केला.

मंगळवारी त्या हाताच्या नखांत काळी माती दिसली.

बुधवारी त्यानं माऊस सोडून दिला, तरी पडद्यावरचा हात हलत राहिला. जमीन उकरत राहिला. मनगटाच्या पुढं, जिथं काहीच नव्हतं तिथं, भागवतला बोटांना गार ओल लागली.

मशीन बंद करून त्यानं खुरपं उचललं आणि तो भर उन्हात धुऱ्यावर गेला. दौलतराव मागोमाग आले.

"कायले उकरून राह्यला?"

"पाहू द्या, बाबा."

हातभर खाली कापड लागलं. कुठं फाटलं नव्हतं. दौलतरावांनी मारलेली गाठ तशीच घट्ट होती. ती त्यांनाच सोडावी लागली.

आत काही नव्हतं. हाडसुद्धा नाही.

दोघं घरी परतले. वैभवी ओसरीत पाठमोरी बसून मेथी निवडत होती. पावलांची चाहूल लागली, तशी हसली.

"आले का परत? मघा मांगून येऊन डोळा झाकला, तवा हात तं धुवायचा होता."

ती वळली. तिच्या उजव्या गालावर ओल्या मातीची पाच बोटं उमटली होती.