रिकाम्या हॉलमधली टक-टक

बसा, सांगते. पण हसायचं नाही हं.

साथ आली आणि आमचं अख्खं ऑफिस आठवड्याभरात घरी गेलं. मशीन्स, म्हणजे कॉम्प्युटर, मात्र हॉलमध्येच. माणसं घरच्या मशीनवरून त्यांना जोडून घ्यायची आणि काम करायची. त्या दुपारी वीज गेली. आली, पण मशीन्स बंदच. ती हातानं चालू करायला कुणीतरी जायला हवं. कुणीतरी म्हणजे मी, ऑफिसची कॉम्प्युटरवाली.

साहेबांचा फोन आला. "चारपर्यंत काम सुरू नाही झालं, तर उद्यापासून सगळे हजर. पुरे झाले हे घरून कामाचे लाड!"

माझ्या शेजारी बसणारी ताई दम्याची. तिला या साथीत इथं बोलवायचं? मी म्हटलं, "करते चालू. बघाच तुम्ही!"

हॉल लांबलचक. पडदे ओढलेले, सॅनिटायझरचा उग्र वास. दाराकडून सुरुवात केली. वाकायचं, टेबलाखालचं बटण दाबायचं, पुढं सरकायचं. कंबर पार मोडली, तरी अर्धा हॉल बाकी आणि चार वाजत आलेले. रडूच आलं मला.

तेवढ्यात पलीकडच्या टोकाला... टक-टक.

एक स्क्रीन उजळली. मग तिच्या शेजारची.

स्क्रीनच्या काचेवर दोनदा बोट आपटायची सवय एकाच माणसाची. आमचे हेडक्लार्क, सगळ्यांचे 'आजोबा'. रोज सगळ्यांच्या आधी येऊन प्रत्येकाचं मशीन चालू करून ठेवायचे. साथीच्या पहिल्याच महिन्यात गेले.

पळून जावं, तर ताईचं काय?

"आजोबा..." मी पुटपुटले, "तुमची बाजू तुम्ही... माझी मी."

आणि बटणं दाबत सुटले. टक-टक जवळ येत गेली. मधल्या टेबलाखाली माझ्या बोटांवर थंडगार काहीतरी टेकलं... आणि शेवटची स्क्रीन उजळली!

मग काय! सगळ्या स्क्रीनवर बाण पळायला लागले, अक्षरं उमटायला लागली. माणूस एक नाही आणि हॉल गजबजलेला! फोनवर ताई ओरडली, "अगं, जमलं! जिंकलीस तू!" साहेबही नमले. "ठीक आहे. कुणी यायची गरज नाही."

मी एकटीच टाळ्या पिटत नाचले. निघताना दारातून म्हटलं, "आजोबा, आता तुम्हीही घरूनच काम करा!"

दुसऱ्या सकाळी घरी चहा घेऊन टेबलाशी बसले. बटणाकडे हात नेला, तर मशीन आधीच चालू. ताईला फोन लावला.

"माझंही चालू झालंय गं, बाहेर उजेड दिसतोय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मी अजून अंथरुणातच... आणि बाहेरच्या खोलीत कोण टकटकतंय?"