पोस्टखाली लिहिणारा म्हातारा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे जमणार नाही.

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. गेल्या जुलैची सतरा तारीख. टास्मानियातलं सेंट हेलन्स, आमच्या दुकानामागची खोली. आणि रात्र नव्हती. दुपारचे तीन चाळीस झाले होते. आभाळ भरलेलं, पण चांगला उजेड होता, समोरच्या बेकरीबाहेर लोक कॉफी पीत उभे होते. भुताला अंधार लागतो असं ज्याने सांगितलं, त्याला एकदा माझ्याकडे पाठवा.

आमचं दुकान जनरेटर आणि सोलरचं. माझं आणि माझ्या भावाचं, रॉसचं. इकडे जंगलात जमीन घेऊन राहणाऱ्यांपर्यंत विजेची तार पोचत नाही. ते सगळं स्वतः बसवतात, आणि कसं बसवायचं ते रॉसच्या ब्लॉगवर वाचतात. बारा वर्षांचा ब्लॉग. लिहायचा तो, सांभाळायचे मी.

आणि खाली कमेंट करायचा अल्बी ट्रास्क.

कोण, कुठला, ठाऊक नव्हतं. म्हातारा असावा. प्रत्येक पोस्टखाली हजर. सुरुवात दर वेळी तीच.

'रॉस, राग मानू नकोस, पण...'

की रॉसचं टाळकं सरकलंच.

"आले बघ हेडमास्तर! घरात कोणी बोलू देत नसेल, म्हणून इथे येऊन चऱ्हाट वळतो."

एका पोस्टखाली त्याच्या अकरा कमेंट होत्या. 'घराला लागून जनरेटरची खोली कशी बांधावी'. अकराही एकाच मुद्द्यावर. धूर जायला दक्षिणेच्या भिंतीत झरोका ठेवा, असं रॉसने लिहिलं होतं. अल्बीचं म्हणणं, वारा दक्षिणेचा झाला की तोच धूर उलटा घरात शिरतो. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. आधी डोकं दुखतं. मग झोप येते.

मग माणूस उठत नाही.

"अरे, मग बदल ना पोस्ट," मी एकदा म्हटलं.

"म्हणजे मी चुकलो असं लिहू? त्या थेरड्यासाठी? खाली लिहिलंय ना त्याने. वाचणारा वाचेल."

एप्रिलमध्ये कळलं की जुना प्लॅटफॉर्म बंद होणार आहे. सगळा ब्लॉग दुसरीकडे हलवायचा होता. नवी जागा झकास होती, पान उघडायला क्षणही लागत नव्हता. फक्त तिथे कमेंटची सोय नव्हती. ती वेगळी जोडावी लागणार होती. दोन दिवसांचं काम.

"कचरा घेऊन कोणी नव्या घरात जातं का, जुडिथ?" रॉस म्हणाला. "अल्बीची पीडा टळेल ती वेगळीच."

मी हसले. हे सांगायलाच हवं. मी हसले.

हलवण्याआधी मी त्या अकरा कमेंट वाचल्या. म्हातारा बरोबर बोलत होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. पोस्टमध्ये दोन ओळी घालायला दोन मिनिटं लागली असती. पण भावाशी कोण वाद घालणार, आणि जेवायची वेळही झाली होती.

'कमेंट आणायच्या का?'

त्या चौकोनातली खूण मी काढून टाकली.

जूनच्या मध्याला माझी मुलगी टॅमसिन आणि जावई कॅलम जंगलातल्या त्यांच्या जागेवर राहायला गेले. सगळं मामाच्या ब्लॉगवर वाचून बांधत होते.  मी लगेच फोन केला.

"टॅम, जनरेटरच्या खोलीचं नुसतं मामाचं वाचू नकोस गं. खाली एका म्हाताऱ्याने लिहिलं होतं..."

"अल्बीआजोबांनी? वाचलंय मी. सगळं त्यांच्या सांगण्यावरूनच करतोय."

जीव भांड्यात पडला. ब्लॉग हलवायच्या आधीच तिने वाचलं असणार, असं मी धरून चालले.

मग ती सतरा तारीख.

दुसऱ्याच कामासाठी मी ते पान उघडलं होतं. खाली जिथे काहीच नसायला हवं, तिथे...

एक ओळ होती.

'जुडिथ, राग मानू नकोस, पण वारा फिरला.'

मी खिडकीतून पाहिलं. धक्क्यावरचं निशाण उत्तरेकडे फडफडत होतं.

वारा दक्षिणेचा झाला होता.

मी पानाची मूळ फाईल उघडली. तीत ती ओळ नव्हती. पान बंद केलं, पुन्हा उघडलं. आता दोन ओळी होत्या.

'डोकं दुखतंय त्याचं.'

"रॉस! हा काय फाजीलपणा आहे?"

तो आला. स्क्रीनपाशी वाकला.

"कुठे काय आहे?"

"हे काय! इथे, खाली!"

"जुडिथ, खाली काही नाहीये. कोरं आहे." तो माझ्याकडे बघू लागला. "चष्मा बदल तू."

मला त्या दोन्ही ओळी दिसत होत्या. मी टॅमसिनला फोन लावला.

"बोल गं आई. कोंबड्यांना दाणे टाकतेय."

"कॅलम कुठे आहे?"

"झोपलाय. पहाटे चारला गेला होता ना खाडीतल्या कालवांच्या शेतीवर कामाला. डोकं ठणकतंय म्हणाला."

"जनरेटर चालू आहे?"

"आहे की. ऊन कुठे आहे आज?"

"टॅम... झरोका कुठल्या भिंतीला ठेवलात?"

"दक्षिणेच्या. अल्बीआजोबांनी सांगितलं तसाच."



"कधी सांगितलं?"

"रोजच सांगतात! ब्लॉगवर, खाली. किती मायेने बोलतात गं. विचारलं की लगेच उत्तर. थांब, आत्ताचंच वाचून दाखवते... 'पोरी, राग मानू नकोस, पण खिडकी लावून घे. गारठा आहे. डोकं दुखत असेल तर झोपू दे त्याला. उठवू नकोस.' लावून घेतली मी."

मी किंचाळले. काय किंचाळले ते आठवत नाही. फोन खाली पडल्याचं ऐकू आलं. तिचं धावणं. कोंबड्यांचा कलकलाट. मागे जनरेटरची घरघर.

मग घरघर थांबली.

मग कोंबड्याही थांबल्या.

आणि मग माझी मुलगी ओरडली.

कॅलम एकोणतीस वर्षांचा होता.

टॅमसिनने पोलिसांना फोन दाखवला. पोस्टखाली कोरं होतं. तिने विचारलेले प्रश्नही नव्हते. दफनाहून परतताना गाडीत रॉस म्हणाला, "आता सगळे माझ्याच पोस्टच्या नावाने बोंबलणार." त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेले नाही.

जुन्या ब्लॉगच्या बॅकअपमध्ये अल्बीचा ईमेल सापडला. मी लिहिलं. त्याच्या मुलीचा, नोलाचा, फोन आला. आवाजात रागही नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"माझी आई तशाच खोलीमुळे गेली," ती म्हणाली. "बाबांनी तुमच्या ब्लॉगवर वाचून बांधली होती. आम्ही म्हटलं, कोर्टात जाऊ. ते नको म्हणाले. म्हणाले, त्या लोकांनी मला खाली लिहू दिलंय ना? ते तिथे आहे तोवर दुसऱ्या कुणाचं माणूस जाणार नाही."

बॅकअपमधल्या त्या अकरा कमेंट माझ्यासमोर उघड्या होत्या.

"मे महिन्यात ते सगळं नाहीसं झालं. रोज पान उघडून बसायचे. मला विचारायचे, नोला, माझं लिहिलेलं कुठे गेलं गं? मी काय सांगणार? चार जूनला गेले. खुर्चीतच. पान समोर उघडंच होतं."

"किती वाजता?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"दुपारी. तीन चाळीस."

चार जून... टॅमसिन जंगलात राहायला गेली ती त्यानंतर.

ते पान मी तीनदा काढून टाकलं. दुसऱ्या दुपारी ते परत जागेवर असतं. शेवटी बॅकअपमधल्या त्या अकरा कमेंट मी पोस्टच्या अगदी माथ्यावर घातल्या, ठळक अक्षरांत. खाली लिहिलं, 'अल्बी, चूक आमची होती. माफ करा.' रोज तीन चाळीसला मी पान उघडून बघते. अकराही जिथल्या तिथे असतात.

माझ्या स्क्रीनवर.

परवा क्वीन्सलंडहून एका अनोळखी माणसाचा ईमेल आला. बायको आणि दोन लहान मुलांना घेऊन जंगलात घर बांधतोय म्हणे.

'पोस्ट फार उपयोगी पडली. खाली ते अल्बी म्हणून आहेत ना, त्यांना माझे आभार सांगा. ते म्हणाले तसाच झरोका ठेवलाय. आज पहिल्यांदा जनरेटर लावतोय.'

फोन नंबर दिलेला नाही. पत्ता नाही. मी चौदा ईमेल पाठवले आहेत.

अजून एकाचंही उत्तर आलेलं नाही.