मोरीजवळची जागा

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या बालसुधारगृहाच्या फाटकावर पहारेकऱ्यानं मारिबेलच्या नव्याकोऱ्या पेन्सिली काढून घेतल्या.

"टोकदार काही आत न्यायचं नाही."

"मग मुलं लिहिणार कशानं... माझ्या कपाळानं?"

मागून एक तरुण हसला. त्या तरुणानं पुढे होऊन एकेक पेन्सिल मोडली, बोटभर तुकडे केले, टोकं भिंतीवर घासून बोथट केली. "आता सोडतील. तुमच्या जिभेचं काय करायचं ते मात्र बघावं लागेल."

तो एलिसियो. बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि दर शनिवारी इथं फुकट गणित शिकवायचा. मारिबेल वाचायला शिकवू लागली. परतताना दोघं एका वाडग्यातलं बाचोय वाटून खाऊ लागले. शेवया तिच्याकडे, सूप त्याच्याकडे. सहा महिन्यांत पोरगी पार गुंतली.

एकच खटकत होतं. इथली रीतच होती, मुलीवर मन असलं तर मुलगा तिच्या घरी जातो, आईवडिलांसमोर बसतो. तिनं तीनदा बोलावलं. तीनदा त्याचं इंजिन बिघडलं!

"माझी आई काय खाते का तुला?"

"आई नाही... तूच," म्हणून त्यानं हसण्यावारी नेलं. डोळे मात्र हसले नाहीत.

एका शनिवारी बोयेत नावाच्या नव्या पोरानं पुस्तक भिरकावलं. "तुम्ही संध्याकाळी घरी जाता. तुम्हाला काय कळतंय?"

एलिसियोनं पुस्तक उचललं. "नव्याला मोरीजवळ झोपायला लागतं. डास तिथंच. पाय पोटाशी घेतले की कमी चावतात." पुस्तक बोयेतसमोर ठेवत तो म्हणाला, "मी दोन वर्षं होतो इथं."

त्यानं मारिबेलकडे पाहिलं नाही.

फाटकाबाहेर ती झपझप चालू लागली. तो मागोमाग.

"पंधरा वर्षांचा होतो. मासळीवालीची पिशवी हिसकावली... ती पडली, मनगट मोडलं. अजून बाजारात तिच्यासमोरून जायची हिंमत होत नाही." तो तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. "तुला गमावायचं नव्हतं, म्हणून सांगितलं नाही."

"तू मला सहा महिने फसवलंस," ती म्हणाली. ती खूप चिडली होती. आणि त्याच क्षणी तिला त्या मोरीजवळ पाय पोटाशी घेऊन झोपलेला पोरगा दिसत होता. तिला रडू आवरेना.

प्रवाशांची जीपनी गाडी आली, गेली. दोघंही चढले नाहीत.

"उद्या घरी ये," ती डोळे पुसत म्हणाली. "हे सगळं आईला तूच सांगायचं. मी सांगणार नाही."

"आणि त्यांनी हाकललं तर?"

"हाकलतीलही." मारिबेलनं पहिल्यांदाच त्याचा हात हातात घेतला. "मग आपण दोघं पुढच्या रविवारी परत त्यांच्यासमोर जाऊन बसू."