वाळायचं राहिलेलं

चुना, देवास गेटवरून. थोडी नीळ घालून.

रुचिरचा वाढदिवस, टावर चौक, कचोरी तोच खिलवणार.

आईच्या चंदेरी साडीला इस्त्री.

कॉयरमध्ये आल्टो गाणाऱ्या मुलींचा आवाज कमी पडतोय, नंदा आंटी चिडल्या आहेत.

सामानाचा ट्रक मंगळवारी.

राजसची छोटी सायकल. तिच्याबद्दल कुणीच काही बोलत नाही.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी शर्वरी साळवेच्या डोक्यात हे सगळं एकदम चाललं होतं. सोळा वर्षांची मुलगी, पण धावपळ घरच्या कर्त्या बाईची. पप्पांची बँकेतून नाशिकला बदली झाली होती आणि माधव नगरचं घर अर्धं खोक्यांत भरलं होतं. या सगळ्या कामांत तिला मनापासून करायचं होतं ते एकच. उज्जैन सोडण्याआधी आईला राजसच्या कबरीपाशी न्यायचं.

राजस तिचा धाकटा भाऊ. मागच्या जुलैत मेंदूज्वराने गेला, सात वर्षांचा होऊन. दफनानंतर आईने कबरस्तानाच्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. रडलीही नव्हती. कुणी विषय काढला की उठून कुकर लावायची. एकदा मंगळवारी ट्रक निघाला की मग कोण येतंय इकडे, असं शर्वरीला वाटे. आईने एकदा यावं, बघावं, रडावं, निरोप घ्यावा. बस.

ईस्टरची पहाटेची उपासना दरवर्षी कबरस्तानातच होई. म्हणून आदल्या दिवशी तरुण संघाची मुलं गवत काढत आणि कबरींना चुना मारत.

"ए शरू, राजसची तू कर," रुचिर बादली ठेवत म्हणाला. "मी पलीकडची लाइन घेतो. आणि नाकाला लावू नकोस, जोकर दिसून राहिली तू."

"तू स्वतःकडे बघ आधी. बर्थडे बॉय म्हणे."

ओला चुना आधी मळकट राखाडी दिसतो, वाळला की पांढरा होतो. एप्रिलचं ऊन असं तापलं होतं की दुसरा हात मारेपर्यंत पहिला वाळत होता. कबरी एकामागून एक उजळत गेल्या. दुपारी मुलं हातपाय धुऊन निघाली तेव्हा सगळ्या रांगा पांढऱ्याशुभ्र होत्या.

राजसची राखाडी होती.

"पाणी जास्त घातलंस तू," रुचिर म्हणाला.

"एकाच बादलीतला आहे रे."

कबरस्तानाचं बघणारे श्रीधरकाका आले. त्यांनी बोट लावलं, बोट चोळून पाहिलं. "सावलीमुळे होतं कधी कधी असं," ते म्हणाले आणि बोट पायजम्याला पुसत राहिले. तिथे झाड नव्हतं.

घरी आई भांडी कागदात गुंडाळत होती. डाव्या हाताने. उजवा हात ती पुन्हा पुन्हा पदराला पुसत होती.

"काय झालं गं हाताला?"

"काही नाही. घाम येतोय दुपारपासून."

"एकाच हाताला?"

आईने पुढची ताटली कागदावर ठेवली. पदरावर फिकट पांढरट डाग होते. पीठ असेल, शर्वरीने स्वतःला सांगितलं. पण सकाळच्या पोळ्या शर्वरीनेच केल्या होत्या.

"आई, उद्या येशील ना?"

"बघू."

"मंगळवारी ट्रक आहे."

"मला माहीत नाही का? मीच भरतेय ना सगळं."

संध्याकाळी टावर चौकात सगळ्यांनी कचोऱ्या खाल्ल्या, रुचिरच्या तोंडाला केक फासला, फोटो काढले. शर्वरी हसली, तिचं तिलाच नवल वाटलं. मग कॉयरच्या प्रॅक्टिसला जाताना ती वाट वाकडी करून कबरस्तानात शिरली. उन्हं उतरली होती, फरश्या अजून तापलेल्या होत्या. राजसच्या कबरीवर तिने तळवा टेकवला.

चुना मऊ होता. आणि गार.

प्रॅक्टिसमध्ये नंदा आंटी दोनदा ओरडल्या. "शर्वरी, ध्यान कहाँ है बेटा?"

पहाटे तिला उठवलं ते आईने. आई चंदेरी साडी नेसून तयार होती. केस विंचरलेले, डाव्या हातात गीतांचं पुस्तक. उजवा हात अंगापासून जरा दूर, बोटं अर्धी मिटलेली.

शर्वरीला हायसं वाटलं. तिने काही विचारलं नाही. विचारलं तर आई पुन्हा कुकर लावायला जाईल, ही भीती.

कबरस्तानात मेणबत्त्या लागल्या होत्या. "मसीह जी उठा है!" पास्टर साहेब म्हणाले आणि सगळ्यांनी उत्तर दिलं. पूर्वेकडे उजाडू लागलं. पप्पा खाली मान घालून उभे होते. आई गर्दीतून निघाली आणि कुणाला न विचारता सरळ राजसच्या कबरीपाशी गेली. शर्वरी मागे.

पांढऱ्या रांगांत ती एकच राखाडी.

आता रडेल, शर्वरीला वाटलं. रडू दे.

आई रडली नाही. वाकलीही नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "चल."

"आत्ता? उपासना तर संपू दे."

आईने तिच्याकडे पाहिलं नाही. ती वळली आणि चालू लागली. सावकाश. अगदी लहान पावलं टाकत.

शर्वरीने कबरीकडे पाहिलं.

कडेने पांढरं होत होतं. ऊन अजून भिंतीवरच होतं, तरी पांढरेपणा पायथ्याकडून वर सरकत होता. दूध पसरावं तसा.

तिने हात लावला. कोरडं. बोटाला भुकटी.

आई फाटकापर्यंत पोचली होती. तिच्या निऱ्या गुडघ्याच्या थोड्या वर, उजव्या बाजूला, चुरगळून ओढल्या गेल्या होत्या. तिथे चुन्याचा डाग होता. ओला.

"आई!"

आईने मागे वळून पाहिलं. ती हसत होती. कितीतरी महिन्यांनी.

"ये ना गं लवकर," ती म्हणाली. "आणि पप्पांना ऑटोत पुढे बसायला सांग. मागे जागा नाही."

मागच्या जुलैत, पेटीचं झाकण लावण्याआधी, राजसच्या मुठीतून आईच्या उजव्या हाताची बोटं सोडवायला पप्पा आणि श्रीधरकाका असे दोघे लागले होते.