पाठ फिरवली की होणारी चूक

मी बघत बसले की काहीच बिघडत नसे. पाठ फिरवली की एखाद्या कुंडीचा चिखल होऊन जाई. असं सलग चार दिवस झालं, तेव्हा मला वाटायला लागलं की त्या काचघरात आपल्याशिवाय आणखी कुणीतरी आहे, आणि ते भयंकर लाजाळू आहे.

२०४६ सालची मे महिन्याची सुट्टी होती. सहावीची परीक्षा संपवून मी आजोबांकडे, म्हणजे आईच्या बाबांकडे आले होते. आजोबा वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. निवृत्त झाल्यावर ते घाटमाथ्यावर राहायला गेले. विनाचालक एसटीचा शेवटचा थांबा त्यांच्या फाटकासमोरच आहे. एसटीत चालक नसला तरी कंडक्टर अजून असतो, कारण "पुढे सरका" हे माणसानेच म्हणावं लागतं, असं हेरंबमामाचं मत आहे. हेरंबमामाची मतं पुष्कळ आहेत, पण ती नंतर.

घरामागे काचघर होतं. बाहेर मे महिन्याचं रणरणतं ऊन आणि आत कायमचा श्रावण. बारीक तुषार उडत असायचे, काचांवरून पाणी ओघळायचं, आणि दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस नुसता हिरवट डाग दिसायचा. तिथे कॅमेरा लावला तर पाच मिनिटांत त्याच्या डोळ्यावर धुकं धरे. मी आत जाऊन बसले की मला आपण तळ्याच्या तळाशी बसलोय असं वाटायचं. वर कुठेतरी जग चाललंय, आपल्याला घाई नाही.

त्या धुक्यात अकरा कुंड्या होत्या आणि प्रत्येकीत कंदीलपुष्पाचं एकेक रोप. कंदीलपुष्प ही सह्याद्रीच्या कड्यांवरची नाजूक वनस्पती, तिचं फूल खरंच छोट्या कंदिलासारखं दिसतं. आजोबांकडची जात फक्त एका कड्यावर उगवायची. दोन वर्षांपूर्वी दरड कोसळली आणि तो कडाच गेला. आजोबांनी आधी जमवलेल्या बियांपासून चोवीस रोपं झाली. त्यातली उरली अकरा.

"ही गेली की संपलं," आजोबा मला म्हणाले. "जुई, मग ही जात फक्त माझ्या वहीत उरेल."

बाकीची तेरा मेली ती कंद कुजून. (कंद म्हणजे झाडाचा जमिनीखालचा फुगीर भाग. त्यात झाड पाणी आणि अन्न साठवून ठेवतं.) "कंदाला तहान सोसते, पूर सोसत नाही," असं आजोबा म्हणत. आणि रोज कुणीतरी एखाद्या कुंडीत दुप्पट पाणी ओतत होतं.

पाणी द्यायचं काम दोन यंत्रमानवांचं होतं. तांब्या बुटका, गोल पोटाचा आणि गडगडत चालणारा. झारी उंच, लांब नाकाची, पाय उचलून टाकणारी. दोघांना हेरंबमामाने बनवलं होतं. मामा सॉफ्टवेअर डेव्हलपर आहे. (म्हणजे यंत्राने कोणत्या क्रमाने काय करायचं, ते लिहून देणारा माणूस.) चौदा वर्षं पुण्यातल्या एका कंपनीत काम करून मागच्या दिवाळीत तो इथे आला. नोकरी का सोडली विचारलं की म्हणायचा, "मी चौदा वर्षं पडद्यावरची बटणं इकडची तिकडे सरकवली. आता एखादं खरं काम करू दे." मोठ्या पदापेक्षा दुपारची झोप बरी, शुक्रवारी कोणतंही नवं यंत्र चालू करू नये, आणि जे डोक्यात नीट बसलेलं नाही ते कागदावर नीट उतरत नाही, ही त्याची आणखी काही मतं.

"हेरंब, तुझी यंत्रं माझी रोपं बुडवतायत," आजोबा त्या दिवशी म्हणाले.

"बाबा, मी दोघांनाही तपासलंय. माझ्याकडे तर व्यवस्थित चालतात."

"तुझ्याकडे चालतात आणि माझ्याकडे रोपं मरतात. रविवारपर्यंत वाट बघतो. मग दोघांना खोक्यात घालीन आणि पाणी मीच देईन."

आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांचा हात इतका थरथरायचा की चहाचा कप बशीत वाजायचा. त्यांना नेमकं अर्धा पेला पाणी ओतता येणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मला मामाची फार दया आली.

मी त्याला म्हटलं, "तू त्यांना काय काय सांगितलंयस ते मला सांग."

त्याने सांगितलं. कुंडीजवळ जायचं. मातीत बोट घालायचं. ओली असेल तर पुढच्या कुंडीकडे निघायचं. कोरडी असेल तर काचघराच्या टोकाला नळावर जायचं, अर्धा पेला पाणी आणायचं आणि ओतायचं. बस्स, एवढंच. मला यात काहीच चूक दिसेना.

म्हणून मी स्टूल घेऊन काचघराच्या मधल्या वाटेत पहारा द्यायला बसले. तांब्या गडगडत आला, त्याने सातव्या कुंडीत बोट घातलं, नळावर जाऊन पाणी आणलं, ओतलं. खूप वेळाने झारी आली, बोट घातलं, ओलं लागलं, पुढे गेली. तुषारांचा आवाज ऐकत माझे डोळे मिटायला लागले, पण सगळं बिनचूक चाललं होतं. दुसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेले आणि परत येऊन बघते तर सातव्या कुंडीत चिखल. त्या आठवड्यात दोन रोपं गेली आणि नऊ उरली.

शुक्रवारी दुपारी आजोबांनी पिठलं केलं. जेवायला बसलो, पहिला घास घेतला आणि तिघांनी एकदमच पाण्याचा पेला उचलला. पिठलं खारट, अगदी तोंडात धरवेना.

"मी एकदाच मीठ टाकलंय," आजोबा म्हणाले. "चाखलं तर अळणी होतं. बरणी रिकामी होती, म्हणून कोठीतून मीठ आणलं आणि टाकलं."

"मीपण एकदाच टाकलंय," मामा म्हणाला. "मी आलो तेव्हा तुम्ही नव्हता. चाखलं तर अळणी. मग सकाळी ड्रोनने आलेली पुडी फोडली."

"मी चाखून टाकलं!"

"मीही चाखूनच टाकलं ना!"

दोघं तावातावाने बोलत होते आणि मी त्यांच्याकडे बघत राहिले. बघता बघता मला आजोबा गोल पोटाचे आणि मामा लांब नाकाचा दिसायला लागला. दोघांनीही चाखलं होतं. दोघांनाही अळणी लागलं होतं. दोघंही खरं बोलत होते, आणि तरी पिठलं खारट झालं होतं.

"मामा," मी म्हटलं, "तांब्या आणि झारी दोघंही बरोबर असतील तर?"

मामाचा हात ताटातच थांबला. मग तो उष्ट्या हाताने उठला.

आम्ही अंगणात एक कुंडी ठेवली. मामा तांब्या झाला, मी झारी. तांब्याने मातीत बोट घातलं आणि "कोरडी" म्हणून तो नळाकडे निघाला. तो नळावर असतानाच मी कुंडीपाशी पोचले. बोट घातलं. माती कोरडीच होती, कारण पाणी अजून वाटेवर होतं! मग मीही नळाकडे निघाले. मामाने अर्धा पेला ओतला, मागोमाग मी अर्धा पेला ओतला. कुंडीत पूर्ण पेला पाणी झालं आणि आमच्यापैकी कुणीच चुकलं नव्हतं.

मामाने दोन्ही यंत्रमानवांच्या नोंदी काढल्या. आजवर त्याने त्या वेगवेगळ्या वाचल्या होत्या. आता पहिल्यांदाच शेजारी शेजारी ठेवल्या. अकरा वाजून दोन मिनिटांनी तांब्या म्हणतो कुंडी कोरडी. अकरा वाजून तीन मिनिटांनी झारी म्हणते कुंडी कोरडी. अकरा वाजून चार मिनिटांनी तांब्याचं पाणी, अकरा वाजून पाच मिनिटांनी झारीचं.

"मी दोघांना तपासलं," मामा हळू आवाजात म्हणाला, "पण एकेकट्याला तपासलं. एकत्र कधी सोडून बघितलंच नाही. इतकी वर्षं हे काम करून मी ही चूक केली." मग त्याने मला समजावलं, "याला शर्यतीची चूक म्हणतात. (दोघं जण एकमेकांना न कळता एकाच कामामागे धावतात. बघणं आणि करणं यांच्यामध्ये थोडा वेळ जातो आणि तेवढ्या वेळात दुसरा येऊन बघून जातो.) ही चूक रोज होत नाही, दोघं ठरावीक वेळी एका कुंडीपाशी आले तरच होते. म्हणून ती सापडत नाही."

"पण मी बसले की का होत नव्हती?"

"तू स्टूल कुठे ठेवायचीस?"

मधल्या वाटेत! बुटका तांब्या स्टुलाशेजारून निघून जायचा, पण उंच झारीला माझ्यामुळे वळसा घालून यावं लागायचं. तिला उशीर व्हायचा, तोवर तांब्याचं पाणी कुंडीत पडलेलं असायचं. लाजाळू कुणी नव्हतंच, मीच वाटेत बसले होते. खरं सांगायचं तर मला थोडं वाईट वाटलं. तो लाजाळू पाहुणा मला आवडायला लागला होता.

"मग त्यांनी एकमेकांना सांगावं की, मी पाणी आणायला निघालो," मी सुचवलं.

"दोघांनी एकाच क्षणी सांगितलं तर?" मामा म्हणाला. "त्यापेक्षा कुलूप लावू."

त्याने भिंतीवर एक फळा बसवला. त्यावर प्रत्येक कुंडीसाठी एक चौकोन. मातीत बोट घालायच्या आधीच यंत्रमानवाने त्या चौकोनात आपलं नाव उमटवायचं आणि काम संपल्यावर पुसायचं. फळा एका वेळी एकाचंच नाव घेई. चौकोनात दुसऱ्याचं नाव दिसलं तर मुकाट्याने पुढे जायचं.

शुक्रवारची संध्याकाळ होती, तरी मामाने ते चालू केलं. रविवार जवळ आला होता, मतं पाळायला वेळ नव्हता.

शनिवारी कुठेही चिखल झाला नाही. मी घरभर नाचले. रविवारी सकाळी आजोबांनी हाक मारली ती मात्र वेगळ्याच आवाजात. चौथ्या कुंडीतलं रोप मान टाकून पडलं होतं आणि माती भाजल्यासारखी कोरडी झाली होती. तांब्या नळापाशी बंद पडला होता, त्याची बॅटरी आदल्या दिवशी सकाळीच संपली होती. फळ्यावर चौथ्या चौकोनात त्याचं नाव तसंच होतं. झारी दिवसभर येत होती, ते नाव वाचत होती आणि शहाण्यासारखी पुढे जात होती.

आता खोकं येणार, असं मला वाटलं. मामाने तर स्वतःच तांब्याला उचलून घेतलं होतं. पण आजोबांनी चौथ्या कुंडीत चार चमचे पाणी घातलं आणि ते स्टुलावर बसले.

"हेरंब, काय झालं ते नीट सांग. पहिल्यापासून."

मामाने सांगितलं. आजोबा तोंडी परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारत होते. "म्हणजे कुलूप लावणारा बेशुद्ध पडला, तर ते कुलूप कधीच उघडत नाही?"

"नाही, बाबा."

"मग ते कुलूप अर्धवट आहे." आजोबा उठले आणि आतून एक बाटली घेऊन आले. बाटलीत द्रवात बुडवून ठेवलेलं कंदीलपुष्प होतं, उभं चिरलेलं. "जुई, या नळीत बघ. काय दिसतं?"

"बारीक केस आहेत. सगळे खालच्या बाजूला वळलेले."

"वास घेत लहानशी माशी आत शिरते. आत जाताना केस तिला वाट देतात, बाहेर येताना अडवतात. ती कोंडली जाते आणि धडपडताना परागांच्या पिशव्या तिला चिकटतात. (पराग म्हणजे फुलातली बारीक पूड. ती दुसऱ्या फुलापर्यंत पोचली तर बी धरतं.) पण माशी कायमची कोंडली तर पराग नेणार कोण? म्हणून त्या केसांना मुदत असते. साधारण एका दिवसाने ते सुकतात आणि दार आपोआप उघडतं. कुणी येऊन उघडावं लागत नाही."

मामा तांब्याला मांडीवर घेऊन ओल्या फरशीवरच बसला. "कुलपाला मुदत," तो पुटपुटला. "दहा मिनिटं झाली की नाव आपोआप पुसायचं. हे मला सुचायला हवं होतं."

"आणि अकराव्या मिनिटाला तांब्या जागा झाला तर?" मी विचारलं. "त्याच्या हातात पाणी असेलच की."

"ओतायच्या आधी त्याने फळ्यावर आपलं नाव अजून आहे का, ते बघायचं," मामा म्हणाला. "तरीसुद्धा चूक अगदी नाहीशी झाली असं मी म्हणणार नाही. लहान होत जाते, एवढंच."

आजोबा बाटलीचं झाकण लावत म्हणाले, "हे बटणं सरकवण्याचं काम नाही रे. मला वाटायचं तसं नाही. मला शिकवशील का थोडं?"

मामाने होकारार्थी मान हलवली आणि तो चष्मा पुसत बसला. चष्मा पुसायचं कारण तुषार होते, असं तो म्हणतो.

चौथ्या कुंडीतल्या रोपाने तिसऱ्या दिवशी मान वर केली. तहान सोसली त्याला. सुट्टी संपेपर्यंत एकही रोप गेलं नाही.

जुलैत पाऊस लागल्यावर एका रविवारी मी पुन्हा आले आणि आम्ही ती नऊ रोपं तशाच एका दुसऱ्या कड्यावर लावायला नेली. आजोबांना खाली उतरणं शक्य नव्हतं, ते वर खडकावर बसले. मामा आणि मी दोर धरून अरुंद टप्प्यावर उतरलो आणि कपारींमध्ये एकेक कंद बसवला. तिथे नळ नव्हता, फळा नव्हता आणि कुणी मातीत बोट घालून बघणार नव्हतं. ते सगळं आता पावसाने आणि दगडांनी करायचं होतं.

"तुला काळजी नाही वाटत?" मी विचारलं.

"खूप वाटते," मामा म्हणाला. "कंपनीत आम्ही मोजायचो, माणसं किती वेळ आपल्या पडद्याला चिकटून बसतात. जितका जास्त वेळ, तितकी शाबासकी. हे माझं पहिलंच काम आहे, ज्याची पुढे गरज उरणार नाही. आणि मला इतका आनंद झालाय की दोर धरायचं भान नाही."

"दोर धर," मी म्हटलं.

दरीतून एक मोठा ढग सावकाश वर आला. आधी शेवटची कपार गेली, मग आमचे पाय गेले, मग नऊही रोपं पांढऱ्यात बुडाली. सगळीकडे कापसासारखी शांतता होती.

वरून आजोबांचा आवाज आला, "दिसतायत का गं?"

"नाही, आजोबा. काहीच दिसत नाही."

"असू दे," आजोबा म्हणाले. "वाढतील."